जागा न मिळालेल्यांची यादी

योजनेच्या वार्षिक अहवालात पहिल्याच पानावर एक टक्केवारी ठळक अक्षरांत छापली होती: प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी किती जणांना सहा महिन्यांत नोकरी लागली. आकडा चांगला घसघशीत होता. खात्याच्या अधिकाऱ्यांनी तो अहवाल आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "हे खरं आहे की नाही, तेवढं तपासून द्या. बाकी आम्ही बघतो."

आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "खरं असेलही, सर. पण खरं असलं तरी त्यावरून योजना चालते की नाही ते कळणार नाही."

त्या खोलीत मी सगळ्यात नवखी. सर्वेक्षणं आधी केली होती, पण सरकारी रोजगार-प्रशिक्षण योजनेचं मूल्यमापन पहिल्यांदाच वाट्याला आलं होतं. पुढे बराच काळ मी याच कामात होते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गेला तो अशा लोकांच्या मागे, ज्यांनी आमच्या योजनेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. समजा, शंभर जणांनी कोर्स केला आणि साठ जणांना काम लागलं. कोर्स केला नसता तर यातल्या किती जणांना काम लागलं असतं? चाळीस? अठ्ठावन्न? की पासष्ट? चाळीस असतील तर योजना जबरदस्त आहे. अठ्ठावन्न असतील तर जेमतेम. आणि पासष्ट असतील तर कोर्समुळे उलट पाच जणांचं नुकसान झालं. अहवालातला साठचा आकडा तिन्ही वेळा तोच राहणार आणि तिन्ही वेळा तो खराच असणार. तरुण माणूस काही कायमचा घरी बसून राहत नाही. ओळखीतून, फिरून, कमी पगारावर का होईना, पण काहीतरी पकडतोच. ते 'काहीतरी' वजा केल्याशिवाय योजनेच्या खात्यात काय जमा करायचं ते ठरत नाही.

अधिकारी हुशार होते. त्यांनी लगेच तोड काढली: "मग आधी किती कमवत होते ते विचारा आणि नंतर किती कमवतात ते विचारा. फरक निघाला की झालं." हे प्रत्येकाला सुचतं. पण माणूस डॉक्टरकडे जातो तो ताप सगळ्यात चढलेला असताना. त्यानंतर ताप उतरला तर त्यातलं श्रेय औषधाचं किती आणि आपोआप किती, हे नुसतं आधी-नंतर बघून सांगता येत नाही. प्रशिक्षणाला येणारा माणूसही असाच, नुकतंच काम सुटल्यावर किंवा कमाई घसरल्यावर येतो. ओर्ली ॲशनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने 1978 साली अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींच्या कमाईच्या नोंदी वर्षानुवर्षं मागे जाऊन तपासल्या, तेव्हा त्याला प्रशिक्षणाच्या अगदी आधी कमाईत खड्डा पडलेला दिसला. या खड्ड्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. खड्ड्याच्या तळापासून मोजायला सुरुवात केली की कुठलीही योजना यशस्वी दिसते.

मग दुसरी तोड: ज्यांनी कोर्स केला नाही अशा, त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या लोकांशी तुलना करायची. याचं उत्तर मला एका सेंटरवर मिळालं. सेंटरचालक गृहस्थ कामाचे पक्के होते. वर्ग स्वच्छ, यंत्रं चालू, हजेरी नीट. मी विचारलं, अर्ज इतके जास्त येतात तर निवड कशी करता? ते अभिमानाने म्हणाले, "मी माणूस बघून घेतो. दोन मिनिटं बोललं की कळतं, कोण टिकणार आणि कोण पळणार." त्यात लबाडी काही नव्हती. त्यांच्या फीचा शेवटचा हप्ता मुलाला नोकरी लागल्यावरच मिळायचा. मग नोकरी लागेल असाच मुलगा ते घेणार. पण याचा अर्थ असा, की ज्याला एरवीही काम मिळालं असतं तोच वर्गात येऊन बसतो. मुलात धडाडी किती आहे आणि घरून पाठबळ किती आहे हे त्या गृहस्थांना दोन मिनिटांत दिसायचं. आमच्या प्रश्नावलीत त्यासाठी रकानाच नव्हता. वय आणि शिक्षण जुळवून शोधलेला 'तसाच' मुलगा खरं तर तसा नसतोच.

हे नुसतं तर्काने सांगितलं असतं तर खात्याला पटलं नसतं. मॅडमनी रॉबर्ट लालोंड यांच्या 1986 च्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत सत्तरच्या दशकात दीर्घकाळ बेकार असलेल्या लोकांसाठी एक प्रयोग झाला होता. त्यात तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर आलेले, शाळा सोडलेले तरुण आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकट्या आया होत्या. त्यांना वर्ष-दीड वर्ष देखरेखीखाली काम द्यायचं. कोणाला घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे खरा फरक किती पडला ते माहीत होतं. लालोंड यांनी काय केलं, तर चिठ्ठी न लागलेला गट बाजूला ठेवला आणि त्याऐवजी देशपातळीवरच्या सर्वेक्षणांतून 'तसेच' लोक निवडून, त्या काळात प्रचलित असलेल्या पद्धतींनी तोच हिशेब पुन्हा मांडला. उत्तरं इकडची तिकडे गेली. प्रत्यक्षात कमाई वाढवणारा कार्यक्रम काही हिशेबांत मोठं नुकसान करणारा दिसला. पद्धत बदलली की उत्तर बदलायचं, आणि कुठलं बरोबर ते आधीच माहीत नसेल तर ओळखायला मार्ग नव्हता. पुढच्या काळात जोड्या जुळवण्याच्या सुधारित पद्धती आल्या, त्यांवर भरपूर वादही झाले. काही ठिकाणी त्या चांगल्या चालतात. पण जागा कमी आणि अर्ज जास्त अशी स्थिती समोर असताना सोडत काढायची, म्हणजे चिठ्ठ्या टाकूनच निवड करायची, हे सोडून त्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

"म्हणजे गरजू मुलांना चिठ्ठ्या टाकून नाकारायचं?" अधिकाऱ्यांनी विचारलं. या प्रश्नावर बैठका झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. आमचं म्हणणं असं, की नाकारलं तर आत्ताही जातंच आहे. फक्त ते सेंटरचालकाच्या दोन मिनिटांत होतं. सोडतीमुळे एकही जागा कमी होत नाही. शेवटी तडजोड झाली. प्रत्येक सेंटरने अतिगरजू म्हणून काही नावं सोडतीबाहेर घ्यायची, आणि ती अभ्यासात धरायची नाहीत. शिवाय सोडतीत ज्यांचं नाव येणार नाही त्यांना पाठपुरावा संपल्यावर प्रवेशासाठी पहिला मान.

तरीही काही सेंटरं अडून बसली. ही तक्रार नवी नाही. अमेरिकेत 1987 पासून तिथल्या मोठ्या राष्ट्रीय रोजगार-प्रशिक्षण योजनेची अशीच चाचणी घेतली. सुमारे वीस हजार अर्जदार त्यात होते. पण त्यासाठी दोनशेहून जास्त ठिकाणी विचारणा करावी लागली, तेव्हा कुठे सोळा ठिकाणं तयार झाली. ती सोळा सगळ्या देशासारखी होती का, हा प्रश्न त्या अभ्यासाला कायम चिकटून राहिला. आमच्याकडेही तयार झाली ती मुख्यतः आत्मविश्वास असलेली सेंटरं. अहवालात आम्ही ते लिहिलं. वाचणाऱ्यांनी ते पान बहुधा उलटलं असणार.

सोडत आम्ही सेंटरवर ठेवली नाही. खात्याच्या सभागृहात, अर्जदारांसमोर, पडद्यावर. ट्रेडप्रमाणे आणि मुलगे-मुली असे वेगळे गट करून संगणकाने नावं काढली, यादीची छापील प्रत तिथल्या तिथे सही करून पाकिटात बंद केली. नाव न आलेला एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, मार्क बघितलेच नाहीत का?"

"नाही."

"शिफारस वगैरे?"

"काहीच नाही. संगणकाने काढलं."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि गेला. मला वाटलं होतं भांडेल. भांडण नंतर आलं, आणि ते अर्जदारांकडून आलं नाही. "एक नाव वर घेता येईल का बघा" असे फोन दोन-तीन दिवसांतच सुरू झाले. पाकीट बंद असल्याचा फायदा तेव्हा कळला. तरी काही सेंटरांनी खालच्या, म्हणजे नाव न आलेल्यांच्या, यादीतली थोडी मुलं गुपचूप वर्गात बसवलीच. अशा मुलांचं काय करायचं, याचा नियम ठरलेला असतो: सोडतीत ज्या गटात नाव आलं, शेवटपर्यंत तोच गट. वर्गात बसला तरी तो 'जागा न मिळालेला'च. आणि नाव येऊनही जो फिरकला नाही, तो 'जागा मिळालेला'च.

हे खात्याला अजिबात रुचलं नाही. "जे आलेच नाहीत त्यांना आमच्या माथी का मारता?" पण न येणारे कोण असतात ते बघा. काहींना दरम्यान चांगलं काम मिळालेलं असतं, काहींच्या घरी अडचण असते. त्यांना काढून टाकलं की सोडतीने तयार झालेली बरोबरी मोडते आणि आपण पुन्हा त्या दोन मिनिटांच्या निवडीपाशी येतो. आधी सगळ्यांना धरून हिशेब करायचा. मग प्रत्यक्ष वर्गात बसल्याने किती फरक पडला हे वेगळं काढण्याचीही रीत आहे, पण ते पुढचं काम. उलट बाजूनेही गंमत असते. जागा न मिळालेले काही स्वस्थ बसत नाहीत, दुसरीकडे कुठला तरी क्लास लावतात. त्यामुळे आपण जी तुलना करतो ती 'प्रशिक्षण विरुद्ध काहीच नाही' अशी नसते. 'ही योजना विरुद्ध एरवी जे मिळतं ते' अशी असते. जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 पासूनच्या त्या अमेरिकन चाचणीबद्दल नेमका हाच मुद्दा लावून धरला होता.

आता प्रश्नावलीबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यात अडकला होता. 'काम' म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या अशी, की ठरलेल्या आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात. व्याख्या ऐकून लोक हसतात. प्रत्यक्ष विचारायला बसलं की कळतं, ती तशी का आहे. चाचणीच्या फेरीत मी एका मुलाला विचारलं, "सध्या काही काम करतोस का?"

"नाही. शोधतोय."

"गेल्या सात दिवसांत पैशासाठी काहीही केलंस? तासभर तरी?"

"तसं रात्री पार्सलं पोचवतो. पण ते काम थोडंच आहे."

"रोज?"

"रविवार सोडून."

त्याच्या लेखी नेमणुकीचं पत्र असेल तरच काम. एका बाईंनी "घरीच असते" असं सांगितलं, आणि त्यांच्या मागे शिलाई मशीनवर तीन गिऱ्हाइकांचे कपडे पडले होते. ही नेहमीची गोष्ट, सर्वेक्षण करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. आमच्या कामात तिला वेगळीच धार आली. कारण कोर्स केलेली मुलं आणि न केलेली मुलं तेच काम वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत होती. सेंटरवर बायोडेटा लिहायला शिकवलेलं असायचं. तिथली मुलं पार्सल पोचवण्यालाही रुबाबात 'जॉब' म्हणायची. म्हणजे नुसतं "काम आहे का?" विचारलं असतं तर कोर्समुळे रोजगार वाढल्याचं दिसलं असतं, आणि वाढलेली असती ती फक्त बोलण्याची पद्धत. याच्या उलटही भेटले: कोर्स केल्यामुळे अपेक्षा उंचावलेल्या, आणि म्हणून हातातल्या कामाला काम न म्हणणाऱ्या मुली. म्हणून आम्ही 'काम' हा शब्दच मागे ढकलला. काल सकाळपासून काय काय केलं, परवा काय केलं, त्याचे पैसे मिळाले का, कुणी दिले, लेखी काही आहे का, असं विचारत गेलो. मुलाखत लांबली. प्रगणक कुरकुरले. पण दोन गटांची उत्तरं एका मापात यायला लागली.

सेंटरांच्या प्लेसमेंट रजिस्टरची पडताळणी त्या मानाने लवकर उरकली. नोंदी बहुतेक खऱ्या होत्या. फोन केल्यावर कळायचं ते एवढंच, की मुलगा रुजू झाला होता खरा, पण पहिल्या पगाराआधीच सोडून गेला. रजिस्टरमध्ये रुजू झाल्याची तारीख असते. सोडल्याची तारीख लिहायला रकाना नसतो.

खरी कसोटी पाठपुराव्याची. कोर्स केलेल्यांना शोधणं सोपं होतं. सेंटरकडे त्यांचे नंबर, मित्रांचे नंबर, शिवाय त्यांनाही बोलायला आवडायचं. जागा न मिळालेल्यांकडे आमचं काय होतं? अर्जावर लिहिलेला एक मोबाइल नंबर, तोही अनेकदा बदललेला. एका बाजूचे जवळजवळ सगळे सापडले आणि दुसऱ्या बाजूचे बरेचसे हरवले, तर सोडतीची सगळी मेहनत पाण्यात. हरवतो कोण? ज्याला दूर कुठे चांगली नोकरी लागली तो हरवतो, आणि ज्याचं सगळंच बिनसलं तोही हरवतो. कोण कुठल्या कारणाने हरवला हे हरवल्यावर कळत नाही.

एक फोन मला चांगला आठवतो. पलीकडचा मुलगा म्हणाला, "तुम्ही त्या यादीवालेच ना? ज्यात माझं नाव आलं नाही?"

"हो."

"मग आता मला कशाला विचारताय? ज्यांना घेतलंत त्यांना विचारा."

"त्यांनाही विचारतोय. पण तुमचं काय झालं ते कळलं नाही तर त्यांच्या उत्तरांचा काही अर्थ लागणार नाही."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "दहा मिनिटं आहेत. जेवणाची सुट्टी संपेल."

"म्हणजे कामावर आहात?"

"कधीपासून."

अशा लोकांसाठी आम्ही पद्धती बदलत गेलो. अर्जाच्या वेळीच तीन नातेवाइकांचे नंबर घ्यायला लागलो, घर बदललं तरी आईचा नंबर सहसा बदलत नाही हे ध्यानात आलं. फोन संध्याकाळी उशिरा आणि सुट्टीच्या दिवशी. मुलाखतीच्या वेळेचा मोबदला दोन्ही गटांना सारखाच. आणि शेवटी जे उरले, त्या सगळ्यांमागे थोडं थोडं धावण्याऐवजी त्यांतून काही नावं पुन्हा सोडतीने काढली आणि फक्त त्यांच्यासाठी माणसं घरोघर पाठवली. जे सापडले त्यांना हिशेबात जास्त वजन दिलं, कारण ते न शोधलेल्यांच्या वतीनेही बोलत होते. हा खर्च मंजूर करून घेताना नाकीनऊ आले. ज्यांना योजनेचा एक पैसाही मिळाला नाही त्यांच्या शोधावर योजनेचे पैसे का घालायचे, हे लेखा विभागाला समजावणं सर्वांत कठीण गेलं.

पहिल्या फेरीचे निकाल आले आणि खात्यात धावपळ उडाली. कोर्स केलेला गट मागे होता. थोडासाच, पण मागे. कारण उघड होतं: हे वर्गात बसले होते तेव्हा जागा न मिळालेले बाहेर काम शोधत होते. वर्गातून बाहेर पडेपर्यंत दुसऱ्यांचा अनुभव जमा झालेला. हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासात सुरुवातीला दिसतं. अमेरिकेतल्या जॉब कोअर या निवासी प्रशिक्षण योजनेच्या चाचणीत, नव्वदच्या दशकाच्या मध्यात, पंधरा हजारांहून जास्त तरुण होते. तिथेही प्रशिक्षणार्थी आधी मागे पडले, तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुमारे 12 टक्क्यांनी पुढे गेले, आणि नंतरच्या सरकारी नोंदींत ही आघाडी बऱ्याच जणांच्या बाबतीत विरून गेली. विशी ओलांडून आलेल्यांत ती टिकलेली दिसली. एकाच योजनेबद्दल पहिल्या, चौथ्या आणि आठव्या वर्षी विचारलं तर तीन वेगळी उत्तरं. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेआ वेबर यांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी चित्रही असंच निघालं: सुरुवातीला परिणाम शून्याच्या आसपास, दोन-तीन वर्षांनी जास्त, स्त्रियांना आणि दीर्घकाळ बेकार असलेल्यांना अधिक लाभ, आणि सरकारने नुसती तात्पुरती कामं काढून दिली तर जवळजवळ काहीच नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग हा निकाल बाहेर द्यायचा की नाही?" आम्ही म्हटलं, द्या, पण दुसरी फेरी होईपर्यंत योजनेबद्दल निर्णय घेऊ नका. त्यांनी दिला नाही. निर्णयही घेतला नाही, त्यामुळे माझी तक्रार अर्धीच.

दुसऱ्या फेरीत कोर्स केलेला गट पुढे आला. फार नाही. अनिश्चिततेची पट्टी इतकी रुंद, की तिची खालची कड शून्याला टेकत होती, म्हणजे खरा फरक काहीच नसण्याचीही शक्यता उरत होती. मुलींमध्ये आणि मालकांनी स्वतः अभ्यासक्रम ठरवलेल्या ट्रेडमध्ये फरक जास्त स्पष्ट दिसला. खातं निराश झालं. मला मात्र हे अपेक्षित होतं, कारण विकसनशील देशांतल्या अशा योजनांचा डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 साली घेतलेला आढावा मी वाचला होता: शंभर जणांना प्रशिक्षणाची संधी दिली तर एरवी मिळालं नसतं असं काम मिळणारे तिघांपेक्षाही कमी. कोलंबियातल्या तरुणांसाठीच्या योजनेत स्त्रियांची कमाई 20 टक्क्यांच्या आसपास वाढली होती, म्हणजे चांगलं काही घडतच नाही असंही नाही. तुर्कस्तानातल्या मोठ्या चाचणीत तर प्रशिक्षणार्थींना आणि अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं, किती फरक पडेल असं वाटतं? प्रत्यक्ष परिणामापेक्षा दोघांचेही अंदाज कित्येक पटींनी मोठे निघाले. आपल्याही अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच लेखी विचारून ठेवायला हवं होतं, असं मॅडम त्या दिवशी हसत म्हणाल्या. तुलनेला काहीच नसलं की तीन टक्के म्हणजे अपयश वाटतं.

यातून खर्चाचं गणित मात्र फार बदलतं. खातं नेहमी दरडोई खर्च सांगायचं: एका प्रशिक्षणार्थीमागे इतके. पण शंभरांत तीनच कामं योजनेमुळे वाढली असतील, तर वाढलेल्या एका कामामागचा खर्च त्या आकड्याच्या तेहतीस पट. हा तक्ता अहवालात राहावा म्हणून मॅडम जितक्या भांडल्या तितक्या दुसऱ्या कशासाठीच भांडल्या नाहीत. तो परिशिष्टात राहिला.

आणि एक प्रश्न आम्हाला सोडून द्यावा लागला, त्याची रुखरुख मला जास्त आहे. एका कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले होते, "आम्हाला माणसं लागतात तेवढीच लागतात. सेंटरने पाठवली तर सेंटरची घेतो, नाहीतर गेटवर रांग असतेच." म्हणजे आमच्या मुलाला मिळालेली जागा ही गेटवरच्या रांगेतल्या कुणाची तरी असू शकते. कदाचित आमच्याच खालच्या यादीतल्या कुणाची. तसं असेल तर फरक दोनदा मोजला जातो: एक वर गेला म्हणून, आणि दुसरा त्याच्यामुळे खाली गेला म्हणून. फ्रान्समध्ये ब्रुनो क्रेपाँ, एस्तेर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी यासाठी दुहेरी सोडत केली होती. 235 रोजगार केंद्रांच्या परिसरांत, आधी कुठे किती टक्के सुशिक्षित बेरोजगार तरुणांना मदत द्यायची हे सोडतीने ठरवलं (कुठे कुणालाच नाही, कुठे पाव, निम्मे, पाऊण, कुठे सगळे) आणि मग त्या-त्या ठिकाणी माणसं सोडतीने. 2013 मध्ये निकाल छापून आले. मदत मिळालेल्यांचा फायदा तात्पुरता होता, आणि काही अंशी मदत न मिळालेल्या शेजाऱ्यांच्या जिवावर होता. आमच्या अभ्यासाला एवढा आवाका नव्हता. मर्यादांच्या परिच्छेदात दोन वाक्यं लिहिली.

सादरीकरणाच्या दिवशी सचिवांनी एकच विचारलं, "म्हणजे योजना फसली म्हणायचं का?" मॅडम म्हणाल्या, "सगळी नाही. या तीन ट्रेडमध्ये काहीच होत नाहीये, तिथले पैसे या दोन ट्रेडमध्ये वळवा. आणि सेंटरचा शेवटचा हप्ता नोकरी लागल्यावर देण्याची अट बदला, त्यामुळे तुम्ही गरज नसलेल्यांना निवडायला सांगता आहात." पहिलं अर्धंमुर्धं झालं. दुसऱ्यावर समिती बसली.

पाठपुरावा संपल्यावर ठरल्याप्रमाणे खालच्या यादीतल्या सगळ्यांना प्रवेशासाठी पत्रं आणि मेसेज गेले. यायला तयार झालेले थोडेच. मी स्वतः काही जणांना फोन केले; बहुतेकांनी सांगितलं, आता कामावर आहे, रजा टाकून कोर्स कसा करू? दोघी-तिघींनी विचारलं की संध्याकाळची बॅच आहे का. नव्हती. सेंटरांच्या जागा भरेनात म्हणून त्यांनी खात्याकडे तक्रार केली, आणि खात्याने फाइलवर शेरा मारला: 'लाभार्थ्यांचा प्रतिसाद अल्प.' त्या फाइलची प्रत आमच्याकडे आली तेव्हा मॅडमनी शेऱ्याखाली संध्याकाळच्या बॅचची मागणी टाइप करून ती परत पाठवली.